कोरे गुरुजींचा पाच

"मी जागचा हललो न्हाई, बाई. बीदर जिल्ह्यात जलमलो, उस्मानाबाद जिल्ह्यात नोकरी केली, आन् आता लातूर जिल्ह्यात रिटायर होऊन राहिलो. गाव एकच. जिल्हेच येऊन-जाऊन राहिले."

शाळेत रुजू झाले त्या दिवशी "तुम्ही इथलेच का?" असं मी सहज विचारलं, त्याला कोरे गुरुजींनी दिलेलं हे उत्तर. मी नांदेडची, तेवीस वर्षांची, डी.एड.चा कागद अजून घडी न पडलेला. अहमदपूर तालुक्याच्या अगदी काठावरचं हे गाव. गावाबाहेरचा कोरडा ओढा ओलांडला की कंधार तालुका, म्हणजे नांदेड जिल्हा. माहेरचा जिल्हा हाकेच्या अंतरावर दिसायचा आणि तिथे बदली काही मिळायची नाही, म्हणून मी पहिले चार महिने चिडलेलीच असायचे.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दीडेक वर्ष झालं असेल. कचेरीतून येणाऱ्या कागदांवर छापलेलं जुन्या जिल्ह्याचं नाव पेनाने खोडून वर नवं लिहिलेलं असायचं. पाऊस दोन वर्षं नीट नव्हता. शाळेची विहीर तळाला गेलेली, गावात टँकर यायचा तो शाळेसमोरच उभा राहायचा. त्यामुळे लेकरं दप्तरासोबत घागरी घेऊन शाळेत यायची आणि टँकरचा भोंगा वाजला की वर्ग मोकळा व्हायचा. पुस्तकात मात्र दोन तोट्यांनी हौद भरायची गणितं होतीच. "गुरुजी, तोटीला पानीच न्हाई," असं एखादं पोरगं म्हणायचं. गुरुजी शांतपणे सांगायचे, "तू उत्तर काढ. पानी सरकार धाडंल."

मन्मथप्पा कोरे हे त्यांचं पूर्ण नाव. नाव कोरे आणि पाटी कायम भरलेली, अशी गावातली जुनी थट्टा होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, धोतर गुडघ्याच्या जरा खाली. उंचीने बेताचे. पानाच्या रिकाम्या डब्यात खडूचे तुकडे ठेवायचे, आणि तुकडा नखाएवढा उरला तरी टाकायचे नाहीत. मुलांना त्यांनी कधी मारलेलं मी पाहिलं नाही. गणित चुकलं की मुलाच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि एकच शब्द विचारायचे, "हासिल?"

हासिल म्हणजे हातचा. निजामाच्या काळात गुरुजींचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. बेरजेला जमा, वजाबाकीला तफरीक, गुणाकाराला जरब, भागाकाराला तकसीम. राज्य गेल्यावर त्यांनी मराठी अंक, मराठी पाढे, मराठी पुस्तकं नव्याने गिरवली आणि परीक्षा पुन्हा दिल्या. वर्गात बोलायचे मराठीच. पण हिशोब मात्र आत उर्दूतच चालायचा. उजव्या हाताचं बोट हवेत फिरायचं आणि ओठ हलायचे, "सात पंजे पैंतीस, आठ पंजे चालीस." पाचवीत त्यांच्या हाती आलेली लेकरं सहावीपर्यंत तशीच पुटपुटायला लागायची. उर्दू पाढे लवकर निघतात असं पोरांचं म्हणणं होतं. मला ते ऐकून हसू यायचं.

आमची शाळा सातवीपर्यंत. सातवीला शिष्यवृत्तीची परीक्षा असे आणि ही परीक्षा म्हणजे गुरुजींचा जीव. या आडगावातून दरवर्षी दोन-तीन नावं यादीत यायची, ती मुलं पुढे तालुक्याला वसतिगृहात राहून शिकायची. त्यासाठी गुरुजी दिवाळीनंतर रोज सकाळी सातला जादा वर्ग घ्यायचे. पन्नास गणितं, एक तास, मग वह्या तपासणी, आणि जे चुकलं ते फळ्यावर. आणखी एक रीत त्यांची अशी, की परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी मुलांना तोच पेपर आठवून वहीत पुन्हा सोडवायला लावायचे, जसा तिथे सोडवला अगदी तसाच. त्या वह्या पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षं जपलेल्या होत्या.

मी आले त्याच्या आधीच्या वर्षी मात्र नऊ मुलं बसली आणि एकही नाव आलं नाही. नवा जिल्हा झाल्यानंतरचा तो पहिला निकाल. कुणी दुष्काळाला बोल लावला, कुणी म्हणालं म्हातारा थकला. मीही मनातल्या मनात तेच म्हटलं, खोटं कशाला सांगू. पण गुरुजींचं ते निवृत्तीचं वर्ष होतं आणि सकाळचा सातचा वर्ग त्यांनी साडेसहाला आणला होता.

त्या वर्षीच्या सात मुलांत महानंदा सगळ्यांच्या पुढे. तेरा वर्षांची, बारकी, बोलायला कमी. तिची आई गयाबाई रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला जायची. बाप नव्हता. गयाबाई एकदा घागर भरायला आली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तिच्या मामानं पोरासाठी मागनी घातलीय. निकालापतोर थांबतो म्हनला. सकालरशीप लागली तं अमदपूरला ठिवते तिला. न्हाई लागली तं मी एकली किती दिस न्हाई न्हाई म्हनू?"

"लागेल," मी म्हटलं.

"गेल्या साली इमलचीबी लागनार व्हती म्हनं," ती म्हणाली आणि घागर डोक्यावर घेऊन निघून गेली.

विमल म्हणजे आदल्या वर्षी वर्गात पहिली असणारी मुलगी. निकालानंतर दीड महिन्यात तिचं लोह्याजवळच्या एका गावात लग्न लागलं होतं.

परीक्षेला दहा दिवस राहिले असताना गुरुजींना ताप भरला. पहिल्यांदाच वर्ग माझ्याकडे आला. मी पेपर दिला, घड्याळ लावलं, तासाने वह्या गोळा केल्या आणि लाल पेन घेऊन बसले. महानंदाची वही आधी घेतली, कारण ती सोपी जाईल असं वाटलं. पहिलंच उत्तर चूक. दोनशे पंचावन्नच्या जागी दोनशे. पुढे पंचेचाळीसच्या जागी चाळीस. तीनशे पन्नासच्या जागी तीनशे. पन्नासपैकी तेरा चुका निघाल्या. शेहेचाळीसच्या खाली कधी न येणारी पोरगी सदतिसावर आली होती. मी तिला बोलावलं आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, "लक्ष कुठं होतं?"

तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाई, बरुबर हाय की."

"हे बरोबर? दोनशे?"

"दोनशे कुटं? दोनशे पंचावन्न हाय." तिने बोट ठेवलं. "हे पाच हायत."

मी वही डोळ्यांजवळ नेली. पत्त्यांतला बदाम उलटा धरला तर जसा दिसेल तसा तो आकडा होता, वर टोक आणि खाली बारीकशी खाच. घाईत काढल्यामुळे टोक गोल झालं होतं आणि खाच जवळजवळ बुजली होती. माझ्या डोळ्यांना ते शून्यच होतं. मी भराभर बाकीच्या सहा वह्या उघडल्या. बहुतेक ठिकाणी तोच पाच. बाकी सगळे आकडे आपले मराठी, हा एकटाच वेगळा.

"हा पाच कुणी शिकवला तुला?"

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "गुरुजी कच्च्या कामात असाच काडत्यात. लवकर निगतो."

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिताना गुरुजी पाच नीट मराठीच काढायचे. पण कोपऱ्यात कच्चं काम करताना, वहीच्या समासात, घाईत, त्यांच्या हातून उर्दू पाच उतरायचा आणि मुलांनी तोच उचलला होता. गुरुजी ज्या उर्दूत शिकले तिथे शून्य म्हणजे नुसतं टिंब, त्यामुळे तो गोल आकडा शून्यासारखा दिसतो हे त्यांच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. वह्या तेच तपासायचे. मुख्याध्यापक त्यांच्याच पिढीचे, त्यांना तो पाच पाचच दिसायचा. न दिसणारी मी पहिलीच.

आता हे त्या माणसाला सांगायचं कसं? मी दोन दिवस टाळलं. डोळ्यांसमोर महानंदा, कानात गयाबाईचं बोलणं, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत परीक्षेची तारीख जवळ येत चाललेली. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी शाल गुंडाळून शाळेत आले. मी महानंदाची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी माझ्या लाल फुल्या पाहिल्या, कपाळाला आठी घातली. "बाई, हे समदं बरुबर हाय. फुल्या कामून मारल्या?"

"मला ती शून्यं दिसली, गुरुजी."

त्यांनी वही खाली ठेवली. पुन्हा उचलली. हात छातीवरच्या डबीकडे गेला आणि तिथेच राहिला. मग उठून त्यांनी पत्र्याची पेटी उघडली, आदल्या वर्षीच्या नऊ वह्या काढल्या आणि त्यातली विमलची माझ्यापुढे सरकवली.

"तपासा."

"गुरुजी, मला आता माहीत आहे ना कुठला पाच..."

"म्हनूनच म्हनतो. परक्या होऊन तपासा. तुमाला ह्या गावाचं कायबी ठावं न्हाई, आसं."

मी तपासलं. ते समोर बसून माझं पेन बघत होते. प्रत्येक फुलीला त्यांचं हवेतलं बोट थोडं हलायचं. विमलच्या पन्नासपैकी सत्तेचाळीस उत्तरं खरी होती. परक्याच्या डोळ्यांनी ती चौतीस भरली. त्यांनी नऊच्या नऊ वह्या माझ्याकडून तपासून घेतल्या. टँकर आला, गेला, पण आम्ही दोघं जागचे उठलो नाही.

"आदुगरचे पेपर आमच्या वयाचे मास्तर तपासत आसतील," शेवटी ते म्हणाले. "त्यास्नी ह्यो पाच वळखू यायचा. आता तुमच्या वयाचे आले." खरं काय ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. पेपर कुठे जातात, कोण बघतं, हे आम्हाला कधीच कळलेलं नव्हतं. पण त्यांनी तो निकाल स्वतःपुरता लावून टाकला. "राज गेलं, बोली बदलली, समदे आकडे मी सोडले. ह्यो एकटा हातात कामून राहिला, मलाच ठावं न्हाई."

दुसऱ्या दिवशी रविवार. गुरुजी सकाळी माझ्या दाराशी आले, डोक्याला टोपी, हातात विमलची वही. "लोह्याकडं जायचं हाय. पोरीच्या सासरी एकला गडीमानूस कसा जाऊ? तुमी चला."

कशाला, हे मी विचारलं. अंगात ताप, बसला दोन ठिकाणी बदलायचं, आणि आता सांगून त्या मुलीला काय मिळणार होतं? उलट जखमेवरची खपली काढल्यासारखं होईल, असंही मी म्हटलं. गुरुजींनी ऐकून घेतलं. "तिला वाटतंय ती ढ हाय," एवढंच ते म्हणाले. मग मी चप्पल घातली.

विमल अंगणात शेणी थापत होती. आम्हाला बघून तिने हात धुतले, पदर नीट केला. सासू ओट्यावर बसून होती. गुरुजी इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. वही उघडली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "इमल, तुजं गनित चुकलं नव्हतं. माजा पाच चुकला. तो तुज्या हातात गेला, आन् तपासनाऱ्याला शून्य दिसला."

ती वहीकडे बघत राहिली. पानावर तिचं स्वतःचं अक्षर होतं. तिने विचारलं, "मंजी मी पास व्हते?"

"हाव. पैली व्हतीस."

ती आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. आली ती चहा घेऊन. गुरुजींच्या हातात कप देताना म्हणाली, "ती वही मला ऱ्हाऊ द्या." गुरुजींनी दिली. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले होते आणि डोळे पुसायचेही विसरले होते. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याबद्दल माया वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

बाकीची आठ घरं त्यांनी पुढच्या दोन संध्याकाळी पायी पालथी घातली. पाझर तलावाच्या कामावर, चार लोकांसमोर, "माजा पाच चुकला" हेच वाक्य. एका बापाने विचारलं, आता सांगून काय उपयोग. गुरुजी म्हणाले, "कायबी न्हाई. पर खरं हाय."

सोमवारी त्यांनी सातही मुलांना समोर बसवलं, फळा स्वच्छ पुसला आणि मधोमध स्वतःचा पाच काढला. उघड्या फळ्यावर तो मी पहिल्यांदाच पाहिला. त्यावर फुली मारली, शेजारी मराठी पाच लिहिला. "लेकरांनो, सहा दिवस ऱ्हायले. ह्यो इसरायचा, ह्यो धरायचा. आन् एक ध्यानात ठिवा, चौकटीत खाडाखोड केली की गुन न्हाईत. पैल्याच खेपंला बरुबर निगाला पायजे."

मुलांनी लगेच पानभर सुंदर पाच काढून दाखवले. मला हायसं वाटलं. गुरुजींना वाटलं नाही. "सावकाश तं कुनीबी काडंल, बाई. घाईत काय निगतंय ते बगायचं हाय." मग त्यांनी मुलांना शाळेपासून कोरड्या विहिरीपर्यंत पळवलं, धापा टाकत परत आल्या आल्या दहा गणितं घातली, वर डबा वाजवून घाई केली. पोरांना मजा वाटत होती. बघणाऱ्यांना म्हातारा बिथरला असं वाटत होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत सहा मुलांचे पाच सुधारले. महानंदाचा मात्र नाही. सावकाश लिहिताना ती अगदी छापल्यासारखा मराठी पाच काढायची. घाई झाली की पुन्हा तोच गोल. गुरुजींचं सगळ्यात जास्त तिनेच उचललं होतं, म्हणून तिचंच सुटत नव्हतं. चौथ्या पेपरात तिच्या सात उत्तरांत तो निघाला तेव्हा ती पेन खाली ठेवून म्हणाली, "गुरुजी, माजं न्हाई व्हायचं. आता आई मामाला होच म्हनून टाकंल."

गुरुजींनी तिला धीर वगैरे दिला नाही. ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले. "फुडचं गनित कर." ती करायला लागली. गुरुजी खाली वाकले, कान तिच्या तोंडाजवळ.

"थांब. काय म्हनलीस?"

"सात पंजे पैंतीस."

तिच्या हाताने गोल पाच काढला होता. गुरुजी म्हणाले, "आता मराठीत म्हन. तितक्याच घाईत."

"सात पाचे पस्तीस." आणि हाताने मराठी पाच काढला.

त्यांनी तिच्याकडून हे वीस वेळा करून घेतलं. पंजे म्हटलं की गोल, पाचे म्हटलं की मराठी. एकदाही चुकलं नाही. गुरुजी सरळ झाले, मला बाहेर ओट्यावर यायची खूण केली. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"तिच्या हाताला कायबी झालेलं न्हाई, बाई. तिच्या कानात मी बसलोय. मी वर्गात आसलो की ती माजंच म्हननार. आजपासून मी वर्गात पाय ठिवनार न्हाई. तुमी पाढे घ्या, पाचाचे, पुन्यांदा पैलीपासून."

"गुरुजी, मला अपूर्णांक नीट येत नाहीत," मी खरं ते सांगून टाकलं. डी.एड.ची सगळी ऐट त्या एका वाक्यात गेली.

"मंग दुपारी इथं बसा. मी तुमाला शिकवतो. तुमी तिला शिकवा."

तसंच झालं. दुपारी ओट्यावर मी त्यांची विद्यार्थिनी आणि सकाळी महानंदाची शिक्षिका. चाळीस वर्षं ज्या वर्गात उभे राहिले, परीक्षेआधीचे तीन दिवस त्या माणसाने त्याच्या बाहेर काढले. आणि नुसते बसूनही राहिले नाहीत. टँकरचा भोंगा वाजला की सगळी मुलं पळायची, महानंदाने मात्र जागेवरून उठायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. मी खिडकीतून बघायचे तर विभूती लावलेला हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस बायकांच्या रांगेत महानंदाची घागर घेऊन उभा असायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. गयाबाईने एक दिवस हे पाहिलं. ती हसली नाही. घागर त्यांच्या हातून घ्यायला पुढे झाली तर गुरुजी म्हणाले, "माजा नंबर हाय. तू मागं लाग."

परीक्षेचं केंद्र अहमदपूरला होतं. पहिल्या बसने आम्ही सात मुलं, दोघं शिक्षक असे गेलो. दर वर्षी फाटकाशी उभं राहून गुरुजी एकेका मुलाच्या कानात "हासिल इसरू नको" एवढं सांगायचे, आणि ते ऐकल्याशिवाय मुलं आत जायची नाहीत. त्या दिवशी सहा जणांना त्यांनी सांगितलं. महानंदा समोर आली तेव्हा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पोरगी वाट बघत उभी. आतून घंटा झाली. गुरुजींनी नुसता आशीर्वादाला हात वर केला, पाची बोटं पसरलेली. मग त्यांच्याच लक्षात आलं की हा तर पंजा झाला. त्यांनी चटकन हात खाली घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. महानंदाला काय कळायचं ते कळलं असावं. ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसली आणि आत गेली. पेपर होईपर्यंत तो माणूस फाटकाबाहेर उन्हात तसाच उभा होता, हात मागे बांधून, आणि मी कितीदा सांगितलं तरी सावलीला आला नाही.

ती बाहेर आल्यावर त्यांनी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आठवून पेपर सोडवायची रीतही त्या वर्षी मोडली. "बगून काय करू?" म्हणाले. पुढचे दोन-अडीच महिने गयाबाई दर आठवड्याला शाळेत डोकावायची आणि मी मान हलवायचे. तोवर गुरुजी निवृत्तही झाले. हार, नारळ, मुख्याध्यापकांचं भाषण. गुरुजी भाषणाला उभे राहिले आणि निकाल लागेपर्यंत मला काही बोलायचं नाही, एवढंच म्हणून खाली बसले.

यादीत आमच्या शाळेची तीन नावं आली. महानंदाचं पहिलं. मी धावत गुरुजींच्या घरी गेले. त्यांनी कागद हातात घेतला, तिच्या नावावर बोट ठेवलं, आणि बोट तिथून काढलंच नाही. मी आनंदाने रडले. ते रडले नाहीत. खडूचा तो पानाचा डबा आतून आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अपूर्णांक इसरू नका." गयाबाईने मामाला निरोप धाडला आणि जूनमध्ये पोरीला वसतिगृहात नेऊन सोडलं.

मला दिवाळीनंतर बदली मिळाली, नांदेड जिल्ह्यात, मुदखेडकडे. ज्या कागदासाठी मी इतके दिवस चिडत होते तो हातात आला तेव्हा वाईट वाटलं. निरोप घ्यायला गुरुजींकडे गेले तर ते ओट्यावर बसलेले, मांडीवर पाटी, पाटीवर एक पोस्टकार्ड. मला बघताच दुसरं एक कार्ड पुढे केलं. महानंदाचं होतं.

"वाचा, बाई. आन् शेवटाला बगा. पोरगी आजून चुकून राहिली."

मी वाचलं. वसतिगृहात जेवण बरं आहे, पाण्याला रांग नाही, चाचणीत गणितात ५० पैकी ४५ मिळाले. सगळे पाच सरळ मराठी, घाईच्या अक्षरातले. खाली सही, आणि सहीखाली खोली नंबर. तिथे तो होता. उलट्या बदामासारखा, वर नीट टोक, खाली खाच, पेन दोनदा फिरवून काढलेला.

"म्या उत्तर लिवलंय," गुरुजी मांडीवरचं कार्ड दाखवत म्हणाले. "पाचाकडं ध्यान दे म्हनून. फुडं आठवी-नववी, मोठ्या परीक्षा. पुन्यांदा हातात बसला तं?" त्यांचा आवाज खरंच घाबरलेला होता.

"गुरुजी," मी म्हटलं, "हा घाईत काढलेला नाही."

त्यांनी कार्ड माझ्या हातून घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि त्या एका आकड्याकडे इतका वेळ बघत राहिले की माझी बस चुकते की काय असं मला वाटायला लागलं. मग मांडीवरचं लिहिलेलं कार्ड त्यांनी घडी करून पाटीखाली सारलं. आत हाक मारून नवीन कार्ड मागितलं.

मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पाची बोटं पसरून. गल्लीच्या वळणावरून मागे पाहिलं तेव्हा कोरे गुरुजी कोऱ्या कार्डावर वाकले होते. उजव्या हाताचं बोट आधी हवेत फिरलं, मग पेन टेकलं, आणि ओठ हलत होते.